रक्तातली खोट

वहिनी मेंढवाड्यातल्या लेंड्या झाडत होती, तेवढ्यात तिचा दीर खाणवाल्याचा दांडगा कुत्रा साखळीला धरून आत शिरला. या दिराला आमच्या वाडीत सगळे फौजदार म्हणतात. पोलिसात तो कधीच नव्हता. पोलिसांनी त्याला एकदा चौकीवर बोलावलं होतं, तेवढाच त्या खात्याशी संबंध. पण हुकूम सोडायची खोड अशी, की पावसानंही याची परवानगी काढून पडावं.

कोपऱ्यात ठिणगी बांधलेली होती. राखाडी अंगाची, मेंढरं राखणारी कुत्री. वर्षाचीही झाली नव्हती आणि पहिल्यांदाच माजावर आली होती. फौजदारानं कुणाला न विचारता सगळं ठरवून टाकलं होतं.

वहिनीनं लेंड्यांनी भरलेली पाटी उचलली आणि वाट अडवून उभी राहिली. दीर पुढे आला तर पाटी कुठे रिकामी होणार, हे सांगायची गरज पडली नाही.

"कुत्री आहे ती, वहिनी. तिची वेळ झाली की झाली. आपण कोण मधे पडणार?"

"मग साखळी धरून मधे कोण पडलंय, भावजी? तिचं स्वतःचं अंग अजून भरलेलं नाही. पोरीच्या पोटी पोरं कशाला घालता?"

मी शेजारी, कुंपणापलीकडे दोर वळत बसलो होतो. हसू आवरेना म्हणून मान खाली घातली. फौजदार गेला, पण खाणवाल्याचा कुत्राच त्याला ओढत घेऊन गेला असं दिसत होतं.

त्याला घाई का, ते सगळ्या वाडीला माहीत होतं. कशात काय अन् फाटक्यात पाय, पण यानं पिल्लं आधीच वाटून टाकली होती. दूधवाल्याला एक, मास्तरांना एक, खाणवाल्याला जोडी. ज्याच्या हातानं कधी वाडगाभर पाणी कुत्र्यापुढे ठेवलं गेलं नाही, तो दाता झाला होता.

वहिनीला पिल्लं नको होती असं नाही. उलट तिलाच ती सगळ्यांत जास्त हवी होती. ठिणगीची आई लांडग्याशी झुंजून मेली. तशी कुत्री आम्ही पुन्हा पाहिली नाही. तिच्या मागं दोनच पोरी उरल्या, एक ठिणगी आणि दुसरी गिरणीवाल्याकडे दिलेली. म्हणून तर वहिनी जपून होती. माज उतरेपर्यंत तिनं ठिणगीला स्वतःच्या खोलीत ठेवलं, बाहेर नेलं तर दोरीला धरून. लोक म्हणाले, कुत्रीला पडद्यात ठेवलंय. वहिनीचा नवरा, म्हणजे फौजदाराचा थोरला भाऊ, मेंढ्यांशी बोलतो तेवढंही माणसांशी बोलत नाही. तो खोलीच्या दाराशी ठिणगीसाठी गोणपाट टाकून आला, एवढंच.

फौजदार थोडाच थांबतोय. तो गिरणीवाल्याकडे गेला, त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवला, आणि ठिणगीच्या बहिणीचं तिच्या पहिल्याच माजाला खाणवाल्याच्या कुत्र्याशी जमवून टाकलं. ती बिचारी स्वतःच पोर. व्याली तेव्हा निम्मी पिल्लं मेलेली निघाली. उरलेल्यांना ती जवळ येऊ देईना, गिरणीवाल्याच्या बायकोनं बोळ्यानं दूध पाजून ती जगवली. पण जगली ती गुबगुबीत दिसत होती, आणि लोकांना तेवढं पुरतं. फौजदार गिरणीच्या ओट्यावर बसून जातिवंत कुत्रं कसं ओळखावं यावर बोलायला लागला.

इकडे ठिणगी अंगानं भरली. वहिनीनं पुढचाही माज जाऊ दिला आणि तिला पारखत राहिली. मेंढराला दात लावते का, हाकेसरशी परतते का, गडगडाटाला बिचकते का. ठिणगी सगळ्या कसोट्यांना उतरली. आता खाणवाल्याचा नव्हे, डोंगरापलीकडच्या मेंढपाळाचा कामाचा कुत्रा बघायचा, असं ठरतही आलं होतं.

आणि मग वहिनीला एक गोष्ट दिसली. चढावर पळताना ठिणगी मागचे दोन्ही पाय एकदम उचलायची, सशासारखे. थंडीत सकाळी उठताना मागचा भाग जरा मागं राहायचा. दुसऱ्या कुणी पाहिलं नसतं, आणि पाहिलं असतं तर पाहिलं नाही असं म्हटलं असतं. वहिनीनं तिला तालुक्याला गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवलं. मी सोबत गेलो. बाईंनी हाडांचा फोटो काढून दाखवला. खुब्याच्या वाट्या उथळ होत्या. जपलं तर कुत्री म्हातारी होईपर्यंत काम करेल, पण ही खोट पिल्लांत उतरायची भीती मोठी, असं त्या म्हणाल्या.

वहिनी बराच वेळ तो फोटो बघत बसली. मग तिनं विचारलं, पिल्लंच होऊ नयेत असं ऑपरेशन इथंच होतं का.

परतताना गुंगीतल्या ठिणगीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. "तिच्या आईचं रक्त आमच्याकडे संपलं बघा," ती मला म्हणाली. "पण लंगडी पिल्लं लोकांच्या गळ्यात मारून ते टिकवायचं कशाला?"

फौजदारानं वाडीभर बोंब मारली, वहिनीनं हातानं वंश बुडवला म्हणून. बायका तिला बघून कुजबुजायच्या. ठिणगीला काय त्याचं, टाके सुकताच ती मेंढरांमागं गेली.

वर्ष सरता सरता गिरणीवाल्याकडची वाटलेली पिल्लं मोठी झाली आणि मागच्या पायांनी बसायला लागली. मास्तरांचं पायरी चढेना. दूधवाल्याचं गोठ्यात बसलं की उठताना विव्हळायचं. एके दिवशी दोघांनी फौजदाराला गिरणीवरच गाठलं. वहिनी दळण घ्यायला आलेली, मीही होतो. फौजदारानं इकडे तिकडे पाहिलं आणि बोट वहिनीकडे केलं.

"खाणवाल्याच्या कुत्र्याला नावं ठेवू नका. खोट या पोरींच्याच रक्तात आहे. यांच्या घरचंच वाण नासकं."

वहिनीनं पिठाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. "खरं आहे, भावजी," ती म्हणाली. "म्हणूनच मी थांबवलं. तेव्हा तुम्ही मला वंशबुडवी म्हणालात."

फौजदाराला एकाएकी खाणीवरचं काम आठवलं.

ठिणगीची बहीण गिरणीच्या पट्ट्यामागं पडून होती, बरगड्या वर आलेल्या. गिरणीवाला मान वळवून म्हणाला, तिला लांब सोडून यायचा विचार आहे. वहिनीनं डबा माझ्या हातात दिला, लंगडी मेंढी घेतात तशी ती कुत्री खांद्यावर घेतली आणि घरी निघाली.

ठिणगी आधी खूप गुरगुरली. मग दोघी एकाच गोणपाटावर झोपायला लागल्या.

आणि फौजदार? हल्ली तो ओट्यावर बसून बोकड कसा निवडावा ते सांगतो. लोक ऐकतात.