शेजारची जागा

गुड फ्रायडेला चर्चची घंटा मुकी असते. त्या दिवशी माणसांना हाक मारायला एक लाकडी फळी असायची, तिला लोखंडी कड्या ठोकलेल्या. आणि ती फळी हलवत मार्था भर उन्हात चर्चमागच्या गल्लीतून निघाली की खट्-खट्, खट्-खट् असा कोरडा, थेंबभर ओल नसलेला आवाज घराघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचा. पांढरी साडी, अनवाणी पाय, मनगटात एवढा जोर की कड्या निखळून पडतील; चेहरा मात्र असा शांत, जणू आतल्या खोलीत कुणी आजारी माणूस नुकताच झोपलाय. माझी बायको डोळ्यांपुढं येते ती अशी, चैत्राच्या उन्हात, स्वतःची सावली पायाखाली घेऊन चालणारी.

तिचं चर्चही तिच्यासारखंच, हळूहळू उभं राहिलेलं. ती सांगायची, तिच्या आज्याच्या काळात मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची उपासना, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये व्हायची. मग पत्र्याची शेड आली, मग दगडाच्या भिंती आल्या. रेल्वेतले गोवेकर, दवाखान्यातल्या मल्याळी नर्सा, कारखान्यातले तमिळ आणि मिशनच्या शाळेत शिकलेली तिच्या घरासारखी मराठी माणसं. चार मुलखांचे लोक एका छपराखाली गुडघे टेकायचे, आणि गाणं कुठल्या भाषेत म्हणायचं यावरून बाहेर येऊन तावातावानं भांडायचे. त्या गलक्यात मार्थाचा आवाज सगळ्यांच्या वर. सुरात होता का, मला कळत नाही. पण तो आवाज खिडकीतून बाहेर आला की झाडाखाली बसलेल्या मला वाटायचं, आपल्याला घरातूनच कुणी जेवायला बोलावतंय.

होय, मी बाहेर बसायचो. मी हातकणंगल्याकडचा, देव्हाऱ्यात जोतिबा असलेला, फौंड्रीत वाळूचे साचे भरून जन्म काढलेला माणूस. आम्ही लग्न केलं तेव्हा दोन्हीकडच्यांनी तोंडं फिरवली, आणि पुढं म्हातारपणी आपली आपण वळवली. तिनं मला कधी आत चला म्हटलं नाही, मी तिला कधी जाऊ नको म्हटलं नाही. दर रविवारी तिला सोडायचं, अंगणातल्या चिंचेखाली बसायचं, आणि मिस्सा संपली की मिळून घरी यायचं. एकदा कुणाच्या तरी लग्नाला आलेली बाई मला म्हणाली, "पावणं, चपलांवर जरा लक्ष ठेवा." मार्थानं पायरीवरून ऐकलं. "मालक हायती माझं! चपला राखणारं न्हवंत!" आणि मग माझ्यावरच उसळली, "तुमी बी बसलायसा व्हय गुमान राखत?"

त्या चर्चच्या कबरस्तानात जुन्या कबरींवर लोखंडी क्रूस आहेत. ते मी ओतलेले. म्हाताऱ्या फादरनी सांगितलं, मी सुट्टीच्या दिवशी साचे भरले आणि तांबड्या रसाचे क्रूस केले. मार्था घामाघूम होऊन शेजारी उभी राहायची, जणू पोर जन्माला येतंय. फादरनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू आमचाच की रे. मार्थाच्या शेजारी तुझी जागा." मी त्या शब्दावर निर्धास्त झालो. माणूस जातो आणि त्याचा शब्दही त्याच्याबरोबर पुरतात, हे मला ठाऊक नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला मार्था गेली. नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला, तसा मी तिच्या कबरीसाठी चुना आणि झेंडू घेऊन गेलो. संध्याकाळी प्रत्येक कबरीवर मेणबत्ती होती. वाऱ्यानं साऱ्या ज्योती एकाच बाजूला कलत होत्या. नवे फादर, कोवळं पोर, पवित्र पाणी शिंपडत कबरी आशीर्वादित करत आले, मागं कमिटीचा पीटर. मी शेजारच्या गवताकडं बोट दाखवलं.

"फादर, हितं माझी जागा."

फादरनी पीटरकडं पाहिलं. पीटर म्हणाला, "मामा, तुमचा बाप्तिस्मा कुठं झालाय?"

"न्हाय झाला."

"मग कसं जमंल? आपल्याच माणसांना जागा पुरंना."

"आनि तुझ्या बाच्या उशाला क्रूस हाय, त्यो कुनी ओतला?"

"उपकार हायतच की मामा. पर क्रूस येगळा, मानूस येगळा."

फादर मायेनं म्हणाले, "काका, अजून वेळ गेलेली नाही. ईस्टरला बाप्तिस्मा घ्या. मी स्वतः शिकवीन तुम्हाला."

सबंध थंडी मी विचार केला. घेऊन टाकावा, कपाळावर पाणी पडल्यानं काय झिजतं? पण आत पोकळ राहिलेलं ओतकाम वरून गुळगुळीत दिसतं, आणि हातोडी टेकवली की आवाज खरं सांगून टाकतो. सगळा संसार झाला, तिनं जे कधी मागितलं नाही, ते तिच्या पश्चात दोन हात जमिनीसाठी द्यायचं? तिच्या देवानं ते पदरात घेतलंही असतं. तिनं घेतलं नसतं.

मी फादरना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." म्हटलं, "करा. प्रार्थनेला जागा लागत न्हाय."

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला, आणि एका सकाळी पाहतो तर मार्थाच्या शेजारची माती उकरलेली. कुणा नर्सचे वडील, केरळातून लेकीकडं आले होते, इथंच गेले. नवी माती ओली, काळी, मार्थाच्या कबरीच्या चुन्यावर त्या मातीचे शिंतोडे. मी ते बोटानं पुसले आणि उभा राहिलो. त्या माणसाशी माझं काही भांडण नाही. त्यानं मार्थाला पाहिलेलंही नाही, आणि आता तो तिच्याजवळ असणार, सगळे पावसाळे.

मला पंचगंगेच्या घाटावर जाळतील. राख पाण्याबरोबर खाली, कर्नाटकाकडं जाईल. आठवण काळालाही पुरून उरते असं शिकलेली माणसं लिहितात, लिहोत. मला एवढंच दिसतं की ती मातीत आहे, मी पाण्यात जाणार, आणि आम्ही दोघांनी मिळून जे जगलो त्याला पुरायला कुठंही जागा नाही.