बांधावरची झोंबरी

मी एक जुनी झोंबरी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मला हात लावायचं काम नाही. गोष्ट ऐकायची तर चार पावलं लांब उभं राहून ऐका. माझ्या पानांखाली चिकाच्या फुगीर पिशव्या आहेत. न सांगता कुणाची सावली अंगावर पडली की पिशवी फुटते आणि चीक तीन हात लांब उडतो. कातडीवर पडला तर आठ दिवस फोड, डोळ्यात गेला तर कायमचा अंधार. खोटं कशाला बोलू? मी अशीच आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझा जन्म १९७२ सालचा, तळवलीच्या खाडीकडच्या बांधावरचा. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. तुम्हाला वाटेल, बांधाला भीती भरतीची. छे! भीती चिंबोऱ्यांची, खाडीतल्या खेकड्यांची. चिंबोरी बांधात बीळ करते, बिळातून पाणी झिरपतं आणि एखाद्या उधाणाला बांध फुटतो. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं तिथे दाणा पिकत नाही. पण जिथवर माझी मुळं पोचतात तिथे चिंबोरी नांगी घालत नाही. घालते, एकदाच घालते! शिवाय माझ्या सालीच्या काढ्यात बुडवलेलं जाळं लवकर कुजत नाही, म्हणून मोरा बंदरातले कोळी होडी घेऊन पार इथवर यायचे.

आमच्याकडे रीत होती. घरात नवी सून आली की सासूनं तिच्या नावानं बांधावर एक झोंबरी लावायची. मला चांगुणाबाईनं लावलं, तिची सून काशी हिच्या नावानं. हातांना खोबरेल चोपडून तिनं माझं रोप मातीत खोचलं आणि सुनेला शिकवलं, "जवल जायच्या आदी हाक मारायची. मी काशी, मी येतंय, असं. मंग ती पानं मिटते. मंग खुशाल माती लाव."

खरंच, हाक ऐकली की मी पानं मिटून घेते. एवढी माणुसकी माझ्यात आहे, सगळ्या माणसांत असते की नाही ठाऊक नाही.

पण काशी तेव्हा जेमतेम अठराची, आणि सासरा दहा पावलांवर बांधाची डागडुजी करत होता. सासऱ्यादेखत आवाज कसा काढायचा? ती पदराआड काहीतरी पुटपुटली. मला काय ऐकू येणार, कप्पाळ! चीक उडाला आणि तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत फोड आले. चांगुणाबाईनं तिला घरी नेऊन तेल लावलं आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "बांधावर सासरा नाय नि दीर नाय. वरड!" फोड बसल्यावर काशी पुन्हा आली ती अशी ओरडली, की सासऱ्याच्या हातातलं घमेलं खाली पडलं. तेव्हापासून आमचं जमलं.

पुढे नव्या शहरासाठी गावच्या जमिनी गेल्या. भराव पडले, रस्ते आखले गेले, शेतं बुजली. बांधाच्या आतला काशीचा तीस गुंठ्यांचा तुकडा तेवढा राहिला. नवरा कंपनीत पाळी करायचा, चांगुणाबाई म्हातारी होऊन ओट्यावर बसली होती, आणि घरात वर्षभर शिजणारा तांबडा तांदूळ त्या तुकड्यातूनच यायचा. १९८३ साली त्या तुकड्याला लागून चार मजली सोसायटी उभी राहिली.

सोसायटीचे सेक्रेटरी सुधीरराव. दादरच्या चाळीतून नव्या फ्लॅटमध्ये आलेले, कचेरीत नाकासमोर चालणारे गृहस्थ. पण मित्रांनो, एका बाबतीत भले भले लोकही हात मारतात, ती म्हणजे पूजेची फुलं! सकाळी पिशवी घेऊन निघायचं आणि दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं खुडायची. देवासाठी आहेत ना, मग काय! माझी फुलं पांढरीशुभ्र, वासाची. १९८५च्या चैत्रात एका सकाळी सुधीरराव कॅनव्हासचे बूट घालून मांजराच्या पावलांनी बांधावर आले. चोरायचंही आणि हाकही मारायची, हे जमणार कसं? त्यांची सावली पडली, आणि त्यांच्या उजव्या हाताची पाचही बोटं टरारून सुजली.

सोसायटीत मीटिंग झाली. फुलांचा विषय निघालाच नाही. झाड विषारी आहे, मुलांना धोका आहे, असं ठरलं. मुलं तर काशीकडून हाक मारायला शिकून केव्हाची बांधावर बागडत होती! पण मुलांना विचारतो कोण?

वैशाखात सुधीरराव पाच कुदळवाले मजूर घेऊन आले. काशी बांधावर आडवी उभी राहिली.

"सायब, उपटा. पन माझं भात निघाल्यावर उपटा. आता काढल्याव त चिंबोऱ्या अख्खा पावसाला बीलं करतील. भादव्याच्या आवसेला बांध जाईल."

"काशीबाई, तुम्ही उगाच टेन्शन घेताय. एवढा मोठा बांध, तो काय एका झुडपावर उभा आहे?"

"एका नाय. चालीस हायत."

कुणी ऐकलं नाही. मजुरांनी अंगाला गोणपाटं गुंडाळली आणि एका टोकापासून कुदळी चालवल्या. माझ्या बहिणी मुळासकट बाहेर येत होत्या. मला रडू आलं नाही, संताप आला. चिकाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या पिशव्या भरून मी तयार राहिले. वीस झाल्या, पंचवीस झाल्या. मग बाजीराव नावाचा परभणीकडचा मजूर माझ्यापाशी आला. त्यानं काशीला मघाशी हाक मारताना पाहिलं होतं. कुदळ खाली ठेवून तो मोठ्यानं म्हणाला, "माय, म्या बाजीराव. पोटासाठी आलोय, वैरी न्हाई."

आता याच्यावर चीक कसा उडवायचा? मी पानं मिटली. बाजीराव मागे वळून ओरडला, "सायेब, हितून फुडं मुळं लई खोल हायती. निघत न्हाईत!" साफ थाप मारली पठ्ठ्यानं. पण मी आणि माझ्यापुढच्या चौदा जणी वाचलो.

पावसाळाभर चिंबोऱ्यांनी उघड्या बांधाची चाळण केली. काशी रोज चिखलानं बिळं बुजवायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट सापडायची. भादव्यातली अमावास्या आली तेव्हा भात लोंब्यांनी वाकलं होतं. भरदुपारी उधाण चढलं आणि जिथून पहिली झोंबरी काढली होती तिथेच बांध फुटला. पाणी मातीचे लचके तोडत माझ्या दिशेनं सरकायला लागलं. काशी गुडघाभर पाण्यात उभी राहून किंचाळत होती, "धर गो! सोडू नको!"

मी काय सोडतेय! मुळं उघडी पडली, तीन फांद्या गेल्या, पण माझ्यापाशी येऊन बांध तुटायचा थांबला. काशीनं शेताच्या मधल्या आडबांधावर माती ओढली आणि पंधरा गुंठे वाचवले. उरलेल्या पंधरांत खारं पाणी साचलं. तळमजल्यावर सुधीररावांच्या दिवाणखान्यातही साचलं.

पाणी ओसरल्यावर सुधीरराव खाली मान घालून काशीकडे आले. "काशीबाई, चूक माझी. फुलं चोरायला गेलो होतो. पुन्हा लावता येतील का ही झाडं? आणि... हिचं विष काढता येत नाही का हो?"

काशी म्हणाली, "येल की काढता. मंग चिंबोऱ्या रोज सकाली तुमी हाकलाल?"

मित्रांनो, माझी बाजू तिनं मांडली, तरी मीही सांगते. मला गोंजारू नका, कुंडीत लावून सजवू नका, गुणी होण्याचा उपदेश तर मुळीच करू नका. ज्या चिकानं हात भाजतात त्याच चिकानं बांध टिकतो. अर्धी मी कुणाला मिळणार नाही. जवळ यायचं तर सांगून या, नाहीतर लांबून जा.

त्या दिवाळीआधी सुधीररावांनी डाग पडलेल्या हातानं पंचवीस फांद्या लावल्या. मग तांबड्या रंगानं एक पाटी रंगवून बांधावर ठोकली. काशीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ती त्यांनाच सगळ्या सोसायटीसमोर मोठ्यानं वाचायला लावली.

"झाड विषारी आहे. उपटू नये."