गुन्वोरची हाक माझ्या पोटात होती

मित्रांनो, मी गाडीतला एक जुना कॅसेट-रेडिओ आहे. सध्या माझा मुक्काम कोठारातल्या फळीवर, सुकलेल्या रंगाच्या डब्याशेजारी. माझ्या तोंडावरचं झाकण उघडं राहिलंय, ते काही केल्या मिटत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं ऐकवलं, आज माझंही थोडं ऐका.

कारखान्यातून आलो तो थेट तोरग्रीमच्या लाल गाडीत बसलो. तोरग्रीम म्हणजे नॉर्वेतल्या आमच्या खोऱ्यातला मेंढ्या पाळणारा शेतकरी. उन्हाळाभर मेंढ्या डोंगरावर मोकळ्या चरायच्या आणि पानं पिवळी पडली की खाली आणायच्या. त्यांना बोलवायची त्याची बायको, गुन्वोर. ती लांब, चढती हाक घालायची आणि मेंढ्या कुठल्या कुठल्या कपारींतून धावत यायच्या. तोरग्रीम घसा फोडून ओरडला तरी एक शेपूट हलत नसे!

मग गुन्वोर आजारी पडली, तिला डोंगर चढवेना. तिने स्वयंपाकघरात बसून हाक कॅसेटवर भरून दिली. मागे किटलीची शिट्टी ऐकू येते आणि शेवटी ती म्हणते, "झालं. बंद कर आता. टोपी घातलीस ना?" त्याच हिवाळ्यात ती गेली.

पुढे दरवर्षी तोरग्रीम गाडी वर न्यायचा, चारही दारं उघडायचा आणि माझं बटण दाबायचा. मेंढ्या यायच्या. तिला कधी न पाहिलेली कोकरंसुद्धा आयांच्या मागून यायची. शेवटच्या प्रश्नाला तो न चुकता उत्तर द्यायचा, "घातली गं, घातली." कॅसेट त्याने कधी बाहेर काढली नाही. माझ्या पोटात ती सुखरूप आहे असं त्याला वाटायचं. मलाही वाटायचं.

मग रेडिओच्या जुन्या लहरी बंद करायचं ठरलं. मोठी स्टेशनं नव्या लहरींवर गेली, माझ्यातून नुसती खरखर यायला लागली. गावोगाव लोक माझ्या भाऊबंदांना गाडीतून उपटू लागले. लहरी बंद केल्या त्यांनी आणि म्हातारे ठरलो आम्ही!

तोरग्रीमचा मुलगा आयविन्ड ऑस्लोत राहतो. मेंढ्या उतरवायच्या दिवसांत त्याला नेमकी कामं निघायची. यंदा उन्हाळ्याच्या अखेरीस मात्र तो आला, बापाच्या वाढदिवसाला नवा रेडिओ घेऊन. तोरग्रीम शेजाऱ्याचं कुंपण दुरुस्त करायला गेला होता. आयविन्डने फोनवर व्हिडिओ लावला, बॅटरीची तार सोडवली आणि चीज तासायचं पातं माझ्या कडेला घुसवून मला उचकटलं. मला काढायच्या पट्ट्या समोरच्या खणातच होत्या. बघतो कोण!

निघालो तो निघालो, पण त्याला माझ्या पोटातली कॅसेट दिसली. आमच्याकडे चुकीच्या डब्यात कचरा टाकणं म्हणजे महापाप. विजेच्या वस्तूंत प्लास्टिकची कॅसेट कशी चालेल? त्याने पक्कड घालून ती ओढली. फीत माझ्या दातांत अडकली, ताणली, तुटली. मग आम्हा दोघांना घेऊन हा शहाणा कचरा केंद्रावर गेला. माझा डबा भरला होता म्हणून मी परत आलो. तिचा भरला नव्हता.

"बाबा, बघा तरी!" संध्याकाळी आयविन्ड म्हणाला. "आवाज कसा स्वच्छ येतोय!"

तोरग्रीमने नव्या रेडिओवरून बोट फिरवलं. "छान आहे. कॅसेट कुठंय?"

"ती जुनाट? टाकली की. आजच जाळायला गेली असेल."

"आईची हाक होती त्यात."

आयविन्डचा चेहरा उतरला. "अहो, मग सांगायचं नाही का मला?"

"इतक्या वर्षांत एकदा तरी वर आला असतास, तर ऐकली असतीस," तोरग्रीम म्हणाला आणि कॉफी ठेवायला आत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

यंदा मेंढ्या शेजाऱ्याच्या कुत्र्यांनी हाकून आणल्या. दमलेल्या, लंगडत्या. त्या दिवशी तोरग्रीम कोठारात आला. माझ्या उघड्या तोंडात त्याने बोट घातलं आणि चाचपलं. दातांत फितीचा बोटभर तुकडा अडकला होता, तो त्याने हळूच सोडवून खिशात ठेवला.

मित्रांनो, जुनं खुशाल काढा, मी अडवणारा कोण? पण आत कुणी आहे का, एवढं आधी घरातल्या माणसाला विचारा.

जाताना तो दाराशी थांबला, डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "घातली गं."

विचारलं कुणीच नव्हतं.