बाबल्याने आवळलेला बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे. बोल्टाला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून पान उलटणार असाल तर जरा थांबा, मित्रांनो. गाडीच्या इंजिनाखाली तेलाचं एक पसरट भांडं असतं. गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या तळाला एक भोक असतं. काळं झालेलं तेल काढायचं असलं की ते उघडतात आणि नवं तेल भरण्याआधी बंद करतात. त्या भोकाचं बूच म्हणजे मी. इंजिनाचं सगळं तेल माझ्या भरवशावर आत राहतं, आणि ही गोष्ट गाडीत बसणाऱ्या कुणालाही ठाऊक नसते.

माझी गाडी म्हणजे सायीच्या रंगाची जुनी फियाट. हल्ली तिला क्लासिक कार म्हणतात. डहाणूच्या समुद्रावर मुंबईची मंडळी तिला टेकून फोटो काढतात, तिच्या गोल दिव्यांचं कौतुक करतात. आजवर एकानेही खाली वाकून माझा फोटो काढलेला नाही. याचा मला थोडा राग आहे, पण ते सोडा.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी सळईचा तुकडा कापून माझं डोकं घडवलं आणि अंगावर आटे पाडले. आटे म्हणजे गोल फिरत गेलेल्या बारीक खाचा. चेंबरच्या भोकातही तशाच खाचा असतात, आणि दोन्ही एकमेकांत बसल्या की बोल्टाला पकड येते. चेंबरचा धातू माझ्यापेक्षा मऊ. म्हणून माझ्याशी वागायला हात शहाणा लागतो. जोर कुणीही लावू शकतो.

असा शहाणा हात मला मिळाला तो बाबल्याचा. बाबल्या डहाणूजवळच्या कैनाड गावचा. डहाणूच्या एका शेठच्या चिकूवाडीत तो ड्रायव्हर होता. पुढे शेठ म्हातारपणी मुलांकडे परदेशी निघाले, तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली बाबल्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हिला तूच सांभाळ." तेव्हापासून फियाट त्याच्या पाड्यावर राहू लागली. मी त्याला अरेतुरे करतो, कारण तो ऐन जवानीत पहिल्यांदा माझ्याखाली येऊन पडला तेव्हापासून मी त्याला ओळखतो. माझी जागाच अशी की मला माणसं आडवीच दिसायची. उभा माणूस म्हणजे माझ्या लेखी चपलांचा जोड. बाबल्याचा चेहरा मात्र मला मिशी काळी असल्यापासून पाठ आहे.

दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो तेल बदलायचा. त्या दिवशी आमच्या अंगणात माणसं जमत. कुणी बाटली घेऊन येई, कुणी डबा. जळलेलं तेल घराच्या मेढींना, म्हणजे लाकडी खांबांना, चोपडलं की वाळवी लागत नाही, म्हणून प्रत्येकाला थोडं हवं असे. बाबल्याची बायको सुकी ते वाटून द्यायची आणि बाबल्या मला पुसून, तांब्याचं नवं वायसर, म्हणजे पातळ चकती, घालून परत बसवायचा. आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा. मग आखूड पान्याने, मनगटातल्या मनगटात. वायसर बसलं की त्याच्या हाताला कळायचं आणि तो थांबायचा. इतकी वर्षं मी एक थेंबही गळू दिला नाही, त्यात निम्मं श्रेय त्या थांबण्याचं आहे.

मग एका उन्हाळ्यात बाबल्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली. बरेच दिवस मला अंगणात त्याच्या चपला दिसल्या नाहीत. दिसल्या तेव्हा उजवी चप्पल जमिनीवर घासत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाताला काम देत राहा, बसवून ठेवलात तर कायमचा बसेल. बाबल्याने ते मनावर घेतलं. ओट्यावर बसून तो शेंगा सोलायचा, दोरीला गाठी मारायचा आणि सोडायचा, या टोपलीतले चिकू उजव्या हाताने त्या टोपलीत टाकायचा. घरात सगळ्यांना तो एकच गोष्ट सांगायचा, की दसऱ्याला तेल मी बदलणार. तेल बदलता आलं तर हात परत आला, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आणि मित्रांनो, त्याने ते केलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो कण्हत कण्हत माझ्याखाली आला. मिशी पांढरी झाली होती आणि तोंड जरा वाकडं. पाना दोनदा हातातून निसटून छातीवर पडला. पण मला बसवताना त्याने डोळे मिटले, बोटांनी फिरवलं, पाना लावला, आणि बरोबर जागेवर थांबला. पूर्वी थांबायचा तिथेच. मी शपथेवर सांगतो, त्यात तसूभर फरक नव्हता. मला इतका आनंद झाला की गाडी चालू नसताना मी ऊन झालो.

बाहेर येऊन तो जमिनीवर बसल्या बसल्याच सुकीला म्हणाला, "सुके, हात आला बघ."

सुकीने वाकून पदराने त्याच्या कपाळावरचं तेल पुसलं. "मी बोललेली ना, येल म्हणून," ती म्हणाली.

इथवर सगळं चांगलं होतं. पुढचं सांगताना मला अजून त्रास होतो.

संध्याकाळी बाबल्या शेजारी गेला असताना त्याचा मुलगा तुषार माझ्याखाली आला. तुषार उंबरगावच्या कंपनीत कामाला जातो. मुलगा मायाळू, पण त्याच्या मनात भीती की बाबांचा हात तो, बोल्ट सैल राहिला असेल. बाबांसमोर तपासला तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून तो मागून आला. त्याने लांब दांड्याचा पाना लावला आणि मला आणखी आवळलं. चेंबरचे आटे करकरले. ते त्याला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला झेंडूचा हार चढण्याआधी बाबल्याची मोठी मुलगी प्रगती आली. गाडी आता तीच चालवायची. तिलाही तीच भीती, आणि बापाचं मन राखण्याची तीच काळजी. भाऊ येऊन गेल्याचं तिला माहीत नव्हतं. तिनेही पाना लावला आणि दोन्ही हातांनी एक हिसका दिला. या वेळी चेंबरचे आटे तुटले. त्यांचा चुरा माझ्या खाचांत अडकला आणि मी नुसता अडकून राहिलो. ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

चार दिवसांनी घरची सगळी मंडळी वेवजीला निघाली. सुकीच्या भावाकडे नव्या तांदळाचं जेवण होतं. बाबल्या पुढच्या सीटवर बसला होता आणि हात आल्याची गोष्ट प्रगतीला पुन्हा सांगत होता. खडखडीत रस्त्यावर मी हळूहळू सुटत गेलो. आधी थेंब, मग धार. तलासरीच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला आणि प्रगतीने लगेच इंजिन बंद केलं. एका टेंपोने दोर बांधून आम्हाला नाक्यावरच्या रूपेशच्या गॅरेजात ओढून नेलं.

रूपेश गाडीखाली आला, त्याने मला बोटांनीच बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

"मी सैल ठेवला असंल," बाबल्या म्हणाला.

"सैल नाही काका, उलटं झालंय. लय आवळलाय. आटेच गेले सगळे. बघा ना, चेंबरचा माल ह्याला चिकटून आलाय."

बाबल्याने मला हातात घेतलं. खाचांमधला तो चकचकीत चुरा त्याने पाहिला. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मना समजला नाय," तो हळूच म्हणाला. "जोर किती लागला तो हाताला समजलाच नाय."

प्रगती आणि तुषार तिथेच उभे होते. दोघांनीही माना खाली घातल्या.

रूपेशने काम नेटकं केलं, ते नाकारून चालणार नाही. भोक स्वच्छ पुसून त्याने जरा मोठ्या मापाचे नवे आटे पाडले. आटे पाडायच्या हत्याराला ग्रीस फासून तो ते अर्धा फेरा पुढे फिरवी आणि थोडं मागे घेई, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर यावा, इंजिनात जाऊ नये. मग थोडं तेल वरून ओतून त्याने भोक धुऊन घेतलं. माझ्या जागी एक जाडा, नवाकोरा बोल्ट आला. त्याने तो मनगटाने बसवला आणि इंजिन चालू करून कागद खाली धरला. कागद कोरडा राहिला. मला त्या बोल्टाचा हेवा वाटला नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल.

मी तेव्हा एका टायरवर ठेवलेल्या डब्यात पडलो होतो. बाबल्या आणि सुकी चहाला गेले, तेव्हा तुषार डब्याजवळ येऊन बहिणीला म्हणाला, "ताई, बाबांनी नाय केला हा. मी मागून आवळलेला."

प्रगती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी पण," ती म्हणाली.



"मग सांगू या?" तुषारने विचारलं.

"काय सांगशील? बाबा, तुझ्या हातावर आमचा भरोसा नव्हता म्हणून? चोरून बघितला म्हणून? त्याला जास्त लागंल ते." तिने डोळे पुसले. "नको. आता नको."

दोघांचंही चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बापाला दुखवायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं. पण त्या डब्यात खरं काय ते माहीत असलेला मी होतो, आणि मला बोलता येत नव्हतं.

निघताना बाबल्याने मला डब्यातून उचलून सदऱ्याच्या खिशात टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसांच्या उंचीवर आलो. घर आतून पाहिलं, सुकीचा चेहरा उभा पाहिला. पण ते सुख घेण्यासारखे दिवस नव्हते. बाबल्याने हाताचं काम सोडलं. सुकीने शेंगा पुढे ठेवल्या तर म्हणायचा, "नको, बिघडवीन." दोरी खुंटीवर लटकत राहिली. सुरुवातीला त्याचा उजवा अंगठा दिवसातून कितीदा तरी खिशात येई आणि माझ्या आट्यांवरून फिरे, जणू कुठे चुकलं ते तिथे सापडणार होतं. हिवाळ्यात तो अंगठा ताठ होत गेला. पुढे तो खिशापर्यंत येईना. पावसाळ्यात भात लावणी चालली होती तेव्हा बाबल्या मला काढायचा तो डाव्या हाताने, आणि उजवा हात मांडीवर मिटून पडलेला असायचा.

प्रगती ते रोज बघत होती. कितीदा ती त्याच्यासमोर येऊन बसली, तोंड उघडलं, आणि जेवलास का एवढंच विचारून उठली.

पुन्हा दसरा आला. अंगणात माणसं डबे घेऊन जमली. तेल प्रगतीने बदललं. ती गाडीखालून बाहेर आली तेव्हा ओट्यावरून बाबल्या म्हणाला, "नीट बसला का? कुणाला तरी दाखव. आपला हात आपल्याला फसवतो."

प्रगती तिथेच मातीत बसली आणि रडायला लागली. मग तिने सगळं सांगितलं. तुषारचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं, गॅरेजात दोघांनी काय ठरवलं तेही सांगितलं. "तू आवळलेला तो बरोबर होता बाबा," ती म्हणाली. "आम्ही बिघडवला."

सुकी हातातली बाटली घेऊन उभीच राहिली.

"म्हणजे हात आलेला?" बाबल्याने विचारलं.

"आलेला, बाबा."

त्याने पाना मागितला. प्रगतीने तो त्याच्या उजव्या हातात ठेवला. बोटं मिटेनात. तिने स्वतःच्या हाताने ती मिटवून धरली, आणि हात काढल्याबरोबर पाना खाली पडला. तिने पुन्हा उचलला तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, पोरी." तो रागावला नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. मग येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगू लागला की माझा हात आलेला बरं का, मागच्या दसऱ्याला आलेला. लोक हो म्हणत आणि दुसरीकडे बघत.

मित्रांनो, मी आता कामाचा राहिलो नाही. मला पुसा, मला जपा, असं मी म्हणत नाही. माझ्यासारखे बोल्ट बाजारात पुष्कळ मिळतात. एवढंच सांगतो. तुमच्या घरी आजारातून उठलेलं कुणी माणूस आपल्या हाताने काही करू लागलं, मग ते बोल्ट आवळणं असो, दाराची कडी लावणं असो की भाताचं पातेलं उतरवणं असो, आणि तुम्हाला भीती वाटली, तर ते तिथून गेल्यावर मागून जाऊन तपासू नका. त्याच्यासमोर तपासा. बरोबर निघालं, तर ते त्याला त्याच वेळी सांगा.