नाडीची दोन टोकं

शिंप्यानं नाडीचं एक टोक वडिलांच्या, आप्पांच्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या, आणि दोन्ही गाठी दातांनी ओढून बघितल्या.

"घट्ट आहे ना?"

"गाठ, का मी?" आप्पा म्हणाले.

शिंप्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आतच दमलं.

दाराला कुलूप लावून उपयोग नव्हता. आप्पांनी जन्मभर कुलपंच दुरुस्त केली होती. सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण सुनेची केसातली पिन हाताला लागली की दार उघडून म्हातारा पसार! परवा मशीनवर शिंप्याचा जरा डोळा लागला, तेवढ्यात हे हमरस्त्याच्या मधोमध उभे, आणि ट्रकवाला खाली उतरून हात जोडतोय. तेव्हापासून शिंप्यानं झोपेचा नादच सोडला. आज एका शर्टाला त्यानं दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

"देवावर सोडा आणि घटकाभर पडा," बायको म्हणाली.

"सोडलं होतं की परवा. ट्रकवाल्यानं परत आणून दिलं."

आप्पा उठले. नाडी ताणली गेली.

"कुठं निघालात?"

"मी कुठं निघतोय? तो नेतोय." आप्पांनी बोट वर केलं.

"मग त्याला म्हणावं, रिक्षा तरी पाठव."

रोज तो त्यांना दारातून, नाहीतर अर्ध्या वाटेतून ओढून आणायचा, दटावून खाली बसवायचा. आज ओढायलाही अंगात त्राण नव्हतं. त्यानं चपला पायात सरकवल्या आणि मागोमाग निघाला.

न्हाव्यानं दुकानातून हाळी दिली. "काय मास्तर, कोण कोणाला फिरवतंय?"

"त्यांनाच विचार."

आप्पा कुठंही अडखळले नाहीत. घरातली मोरी न सापडणारा हा माणूस चौकात थांबला, गाड्या जाऊ दिल्या आणि मग मुलाचा हात धरून पलीकडे गेला. लाकडाची वखार मागं पडली, दवाखाना मागं पडला. मग एक बोळ लागली. शिंप्याचे पाय उचलत नव्हते. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता ओरडावं. पण ओरडायला दम लागतो.

बोळ संपली तिथं एक जुनाट बाग होती, आणि झाडाखाली लांबलचक बाक. आप्पा बसले. शेजारची जागा त्यांनी हातानं झाडली.

"आता पुढं कुठं?"

"पुढं काय? आलो की."

"इथं? एवढ्यासाठी रोज जीव खाता माझा?"

"तूच अर्ध्या वाटेतून परत नेतोस," आप्पा म्हणाले.

शिंपी बसला. मान कलली, सावरली, पुन्हा कलली. आप्पांनी त्याचं डोकं धरलं आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतलं. त्यानं नाडी मुठीत वेढे देऊन आवळली. आता झोपलो आणि हे उठून गेले तर? ट्रकवाला रोज भला भेटत नाही. पण पापण्या काही ऐकायला तयार नव्हत्या.

पाला झाडत माळी आला. "ओ बाबा, इथं झोपायचं नाही. उठवा त्यांना."

"श्श! हळू बोल रे," आप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "कधी नव्हे तो निजलाय. जाग आली की सुटेल पुन्हा. फार वणवण करतो बिचारा. शेवटी बांधून घ्यावं लागलं मला."

माळ्यानं नाडीकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं. मग झाडू काखेत मारून तो पलीकडच्या वाफ्याकडे गेला.

शिंप्याच्या कानावर सगळं पडलं होतं. माळ्याला हाक मारून खरं काय ते सांगावं, म्हणून त्यानं डोकं जरासं उचललं. आप्पांनी ते थोपटून खाली ठेवलं.

तो कुशीवर वळला. मूठ हळूहळू सैल झाली, आणि त्यानं ती होऊ दिली.