तीस कोंबड्यांचा काढा

सिचुआनच्या त्या डोंगरी खोऱ्यात थान छीशुनच्या काढ्याचा बोलबाला होता. कडूजार पिवळी मुळं आणि रानवेलीची सुकी फुलं उकळून तो कोंबड्यांना पाजायचा. त्याच्या कोंबड्यांत अँटिबायोटिकचा अंश वीस वर्षांत एकाही तपासणीत सापडला नव्हता. या कौतुकानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं त्याची बायको लानयिंग आता म्हणते. तेव्हा तीही फुशारून जायची.

यंदा खुराड्याची गंजकी तार त्याच्या पोटरीत घुसली. "माझं वजन साठ किलो, म्हणजे मी तीस कोंबड्या!" असं हसत त्यानं तीस कोंबड्यांचा काढा घटाघटा पिऊन टाकला. गुरुवारपर्यंत पाय कोहळ्यासारखा सुजला, अंग तापानं भाजू लागलं. लानयिंग धावतच गावच्या डॉक्टरकडून अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन आली.

"फेक त्या!" तो खेकसला.

"अरे म्हाताऱ्या, तुझ्यासाठी आहेत. कोंबड्यांना कोण देतंय?"

"डोकं चालव, म्हातारे. माझं मूत जातं खताच्या टाकीत, टाकीतलं जातं भाजीला, ती भाजी खातात कोंबड्या. सोमवारी तपासणी आहे. काही सापडलं तर नाव मातीत जाईल."

"चुलीत घाल ते नाव!"

"सोमवारी नमुने गेले की घेतो. तुझी शपथ."

शपथेवर तिनं गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. त्या नावाचा मोह तिलाही होता, हे तिनं पुढे कुणापासून लपवलं नाही.

रविवारी पहाटे तो बरळू लागला. शेजाऱ्याच्या तीनचाकीतून त्याला तालुक्याला नेलं. रक्तात विष भिनलंय, दोन दिवस आधी आणायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी तो गेला.

सोमवारी तपासणीची पोरगी आली आणि दारावर सुतकाचा पांढरा कागद बघून थबकली. लानयिंगनं तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता पोरीचे डोळे भरून आले.

"आजी," ती हळूच म्हणाली, "आजोबांना गोळ्या देऊन चार दिवस बादलीत लघवीला जायला सांगायचं, आणि ती लांब नेऊन ओतायची. एवढंच तर होतं."

लानयिंग अंगणात बघत राहिली. खुराड्याच्या भिंतीला सात बादल्या पालथ्या घातलेल्या होत्या. ती तिथंच मातीत बसली आणि ऊर फुटेस्तोवर रडली.