चंद्रावर पडायचं कसं

तिला सगळे भिंगरी म्हणत. डाव्या पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, गुडघा कायम ताठ, आणि नाव भिंगरी. पण ते कोणी चिडवायला ठेवलेलं नव्हतं. रांगायची तेव्हापासूनच ती एका जागी ठरत नसे. पुढे पाय अडला. नाव राहिलं, खोडही राहिली.

शाळेत लहान वर्गांसाठी एक कार्यक्रम ठरला : चंद्रावर माणूस चालला कसा. पाच पानांचा पाठ भिंगरीनेच लिहिला होता. पण अंतराळवीर कोण होणार म्हटल्यावर कवायतीच्या सरांनी वर्गातल्या सर्वांत उंच मुलाकडे बोट दाखवलं. त्याला शिडी म्हणत.

"तू बाजूला बसून पाठ वाच," सर भिंगरीला म्हणाले. "तुझा आवाज खणखणीत आहे."

"मला चालायचंय, सर."

"अगं, चालणं रुबाबदार दिसायला हवं. छाती पुढे, पावलं एकसारखी."

"चंद्रावर कोणी कवायत केली नव्हती, सर."

वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत. "बसून वाचायचं," ते म्हणाले. विषय संपला.

अंतराळवीराचा पोशाख शिवायचं काम आलं ते भिंगरीच्याच घरी. तिचे बाबा मोटारींच्या सीटना कव्हरं शिवत. जाड रेक्झिन शिवणारं मशीन गावभरात त्यांच्याकडेच होतं. त्यांनी शिडीची मापं घेतली, पांढरं रेक्झिन कापलं, आत दोन बोटं जाडीचा स्पंज घातला आणि अशी दणकट शिलाई मारली की पोशाख कोणाच्या आधाराशिवाय भिंतीपाशी उभा राहिला.

भिंगरीने त्याच्या गुडघ्यावर टकटक केलं. "बाबा, हा वाकणार कुठे?"

बाबांनी कात्री खाली ठेवली. पोशाखाकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "अगं, आजवर मी बसायच्या वस्तूंना कपडे शिवले! सीटला कुठे चालायचं असतं? थांब, उसवतो."

"उसवू नका. खरे पोशाखही असेच ताठ होते. आत हवा भरलेली, फुगवलेल्या ट्यूबसारखी. गुडघा वाकवायला जीव काढावा लागायचा."

"मग ते चालले कसे?"

"थोड्या उड्या मारत, थोडं फरफटत. पडलेसुद्धा."

"हे सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, पडलेला वीर कोणाला बघायचाय."

बाबांनी दोरा दाताने तोडला. "तालमीला मी येतो," एवढंच म्हणाले. "पट्टे आवळायला कोणीतरी लागेलच."

तालमीच्या दिवशी पहिली-दुसरीची मुलं हॉलमध्ये मांडी घालून बसवली होती. पाठ त्यांना कळतो का ते पाहायचं होतं. शिडी पोशाखात शिरला.

"मागे रेलू नकोस," भिंगरीने त्याच्या कानात सांगितलं. "पुढे झुक, नाहीतर आपटशील."

"तू मला चालायला शिकवणार?" शिडी म्हणाला.

सरांनी शिट्टी फुंकली. शिडीने छाती पुढे काढली. पहिलं पाऊल पडलं, दुसरं कसंबसं, आणि तिसऱ्याला कपाट कोसळावं तसा तो उताणा झाला. उठायला गेला तर उलट्या झुरळासारखे नुसते हातपाय हलले. लहान मुलांच्या हसून हसून मुरकुंड्या वळल्या. शेवटी चौघांनी त्याला ओढून उभा केला.

"हे काय शिवलंत?" सर बाबांवर कडाडले. "गुडघे कापा आधी!"

"कापायचं नाही!" भिंगरी उठली. "मला घालू द्या, सर. ताठ पायाने मी रोज चालते."

"आणि पडलीस तर? जबाबदारी कोणाची?"

उत्तर बाबांनी दिलं. "ती रोज पडते, सर. कोणाला विचारून पडत नाही आणि कोणाला बोलवून उठत नाही."

सर काही बोलायच्या आत बाबांनी शिडीचे पट्टे सोडायला घेतले होते.

पोशाख भिंगरीला सैल झाला. बाबांनी पट्टे आवळले, डोक्यावर हेल्मेट चढवलं. ती पुढे झुकली, कमरेला हिसका दिला आणि टुणकन पुढे गेली. पुन्हा हिसका, पुन्हा उडी. आज तिचे दोन्ही पाय सारखेच होते, दोन्ही ताठ.

"मुलांनो, चंद्र आपल्याला खाली ओढतो, पण हळू," ती हेल्मेटमधून ओरडली. "इथे तुमचं वजन चोवीस किलो असेल, तर तिथल्या काट्यावर चार भरेल. पण अंगाचा रेटा कमी होत नाही. म्हणून थांबायचं असेल तर दोन उड्या आधी ठरवायचं. नाही ठरवलं, तर असं होतं!"

आणि ती धाडकन पालथी पडली.

सर धावले. "लागलं का गं?"

"मागे व्हा, सर! हे पाठात आहे, पान तीन!"

सर जागच्या जागी थांबले. भिंगरीने तळवे जमिनीला टेकले. एकेक हात पायांकडे मागे सरकवत नेला, कंबर उंच झाली, तिची धाप सगळ्या हॉलला ऐकू येत होती. एकदा हात घसरला. तिने पुन्हा टेकला. मग एक जोराचा हिसका, आणि ती उभी.

"ते चंद्रावर सहाव्या हिश्श्याच्या वजनाने उठले," ती धापा टाकत म्हणाली. "मी इथे अख्ख्या वजनाने उठलेय."

लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना तेवढी सवड नव्हती. सगळीच्या सगळी पालथी पडून, गुडघे ताठ ठेवून उठायच्या खटपटीला लागली होती. शिडीसुद्धा कोपऱ्यात वाकून हात मागे नेऊन बघत होता.

सरांनी घसा साफ केला. "बरं, तू चाल. पण ते पडणं गाळ. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

"गाळणार नाही, सर. पडले नाही तर उठू कशी?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीवर लोळणाऱ्या पहिली-दुसरीकडे. खिशातून पेन्सिल काढली. "ठीक आहे. एकदाच पड."

"दोनदा."

"दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा बघणारे घाबरतात, सर. शिकतात ते दुसऱ्यांदा."

सरांनी पाठाचं पान तीन उघडलं, उगाच इकडेतिकडे पाहिलं, आणि समासात लिहिलं : दोनदा.